तेलकट कपाळ, कोरडे गाल आणि बाटलीवरचा 'नैसर्गिक' हा शब्द

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय ते थोडक्यात असं: वय २९, कपाळ आणि नाक तेलकट, गाल कोरडे, हनुवटीवर अधूनमधून पुटकुळ्या. रसायनांची धास्ती वाटून वर्षभरापूर्वी त्यांनी सगळी क्रीम्स बंद केली. तेव्हापासून सकाळी लिंबाचा रस आणि मध, आठवड्यातून तीनदा मुलतानी माती, रात्री खोबरेल तेलात टी ट्री तेलाचे थेंब. आता नुसत्या पाण्यानेही चेहरा चुरचुरतो, पुटकुळ्या वाढल्यात आणि गालांवर पापुद्रे सुटतात. 'माझ्या त्वचेला नेमकी कोणती नैसर्गिक उत्पादनं मानवतील?' असं त्या विचारतात.

ताई, आधी वर लिहिलेलं सगळं दोन आठवडे थांबवा आणि तोवर खाली सांगते त्या मोजक्या साध्या गोष्टींखेरीज नवीन काही विकत घेऊ नका. मी गेली बावीस वर्षं त्वचेच्या रुग्णांवर उपचार करते आहे. तुमच्यासारखा चेहरा घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या त्वचेचा प्रकार पहिल्या भेटीत मी सांगूच शकत नाही, कारण समोर दिसते ती दुखावलेली त्वचा असते. तिच्यावरून प्रकार ठरवणं म्हणजे ताप असताना नाडीचे ठोके मोजून 'तुमची नाडी नेहमीच जलद चालते' म्हणण्यासारखं आहे.

काय झालं असावं ते सांगते. त्वचेचा सगळ्यात वरचा थर चेहऱ्यावर १० ते २० मायक्रोमीटर इतकाच जाड असतो, म्हणजे वहीच्या कागदाहूनही कितीतरी पातळ. त्यात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटींत सेरामाइड (एक स्निग्ध पदार्थ), कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं (फॅटी अ‍ॅसिड) यांचा गिलावा असतो. हा गिलावा शाबूत असेल तर आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ बाहेर. तो नीट तयार होण्यासाठी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण ४.७ ते ५.५ पीएचचा असावा लागतो. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो. पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, त्यामुळे इथे तो शेकडो पटींचा होतो. लिंबू नैसर्गिक आहे हे खरं, पण त्वचेला तो आम्लाचा हबका आहे. त्यात लिंबूवर्गीय फळांमध्ये फ्युरोकूमारिन नावाचे पदार्थ असतात. ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि त्यांचे तपकिरी डाग काही महिने जात नाहीत. काही उपाय सौम्य करून वापरता येतात. लिंबू मात्र मी चेहऱ्यावर कोणत्याच त्वचेसाठी सुचवत नाही. खाण्याच्या सोड्याचंही तेच, फक्त उलट टोकाला.

या दोन आठवड्यांत सकाळी फक्त पाण्याने तोंड धुवा. संध्याकाळी फेस कमी येणारं, वास नसलेलं क्लेन्झर वापरा. वडीचा साबण नको, कारण खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो आणि त्यातलं तेल कोणत्या झाडाचं आहे याने तो बदलत नाही. 'हातांनी बनवलेला, शुद्ध तेलांचा' साबणही याला अपवाद नाही. चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेलं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. गालांवर फारच पापुद्रे असतील तर त्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. ती खनिज तेलापासून येते हे मला ठाऊक आहे आणि तुम्हाला ते आवडणार नाही हेही. पण चिडलेल्या त्वचेला इतकं कमी त्रास देणारं दुसरं काही मला माहीत नाही, म्हणून सांगते. दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, किमान एसपीएफ ३० चं. खोबरेल किंवा रास्पबेरीच्या बियांचं तेल उन्हापासून वाचवतं हा समज मनातून काढून टाका.

चुरचुर थांबली की मग प्रकार ओळखायचा. संध्याकाळी चेहरा धुवा, काहीही लावू नका आणि तासाभराने आरशात बघा. गाल ओढल्यासारखे वाटत असतील, बारीक रेषा उठून दिसत असतील तर त्वचा कोरडी. कपाळ, नाक, हनुवटी, गाल सगळंच तुकतुकीत झालं असेल तर तेलकट. कपाळ-नाक चमकतंय आणि गालांवर काहीच नाही, ही मिश्र त्वचा. तासाभरानेही चेहऱ्याची आठवण झाली नाही, तर तुमची त्वचा सामान्य आहे आणि तिला फार काही लागत नाही.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. त्वचेत तेल कमी असणं आणि पाणी कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपूर तेल सुटणाऱ्या त्वचेतही पाणी कमी असू शकतं. असा चेहरा एकाच वेळी चमकतो आणि ओढला जातो. तो चमकतो म्हणून माणूस अजून घासतो, माती लावतो, अजून पाणी उडतं. तुमच्या कपाळाचं असंच झालेलं असू शकतं. संवेदनशीलता हा तर वेगळा प्रकारच मानू नये. ती कोणत्याही प्रकाराच्या त्वचेवर येते आणि बरीचशी जातेही. शिवाय प्रकार आयुष्यभराचा नसतो. ऋतू, वय, पाळीचं चक्र, गरोदरपण, काही औषधं यांनी तो बदलतो. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी मानवलेलं तेल आज मानवेलच असं नाही.

आता तेलांकडे येते, कारण नैसर्गिक उत्पादनांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. 'तेल' या एका शब्दाखाली फार वेगवेगळे पदार्थ येतात. एखादं तेल कसं वागेल हे बरंचसं त्यातल्या स्निग्धाम्लांवर ठरतं. दोन नावं लक्षात ठेवलीत तरी पुरे: ओलेइक आणि लिनोलेइक. ऑलिव्हच्या तेलात सुमारे ७० टक्के ओलेइक आम्ल असतं. ते त्वचेत चांगलं मुरतं म्हणून लोकांना आवडतं, पण मुरताना वरच्या थराचा गिलावा विस्कटतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात प्रौढांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावलं, तेव्हा तिथला थर कमकुवत झाला आणि सौम्य लाली आली. सूर्यफुलाच्या तेलाने तो शाबूत राहिला. सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल जास्त असतं आणि त्वचा त्याचाच वापर करून स्वतःची सेरामाइडं बनवते. मुरुमं येणाऱ्यांच्या त्वचेवरच्या तेलात हे लिनोलेइक आम्ल कमी आढळतं. म्हणून तेलकट किंवा पुटकुळ्यांच्या त्वचेला तेल लावायचंच असेल तर सूर्यफूल, द्राक्षाच्या बिया, गुलाबफळाच्या बिया अशी लिनोलेइक जास्त असलेली तेलं मी आधी सुचवते. सूर्यफुलाची मुद्दाम ओलेइक वाढवलेली जातही बाजारात असते, म्हणून लेबल वाचा. आणि ही तेलं लवकर खवट होतात. लहान बाटली घ्या, अंधारात ठेवा, वास बदलला की टाकून द्या.

जोजोबा या सगळ्यांत वेगळं आहे. त्याला आपण तेल म्हणतो, पण रासायनिक दृष्टीने ते द्रवरूप मेण आहे. आपल्या त्वचेतून सुटणाऱ्या तेलाचाही जवळपास पाव भाग अशाच मेणासारख्या पदार्थांचा असतो. ते लवकर खराब होत नाही आणि मिश्र त्वचेला सहसा जड पडत नाही. तुमच्यासाठी एकच तेल निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन, गालांवर दोन-तीन थेंब, कपाळाला नाही. स्क्वालेन हे हलकं तेलही चांगलं. पूर्वी ते शार्कच्या यकृतातून काढत. आता ऑलिव्ह किंवा उसापासून बनवलेलं सहज मिळतं.

खोबरेल तेलाबद्दल मला पक्षपाती समजू नका. अंगावरच्या कोरड्या त्वचेला, हातापायांना ते उत्तम आहे, आणि इसब असलेल्या काही रुग्णांना त्याचा फायदा झालेला मी पाहिला आहे. पण त्यातलं जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर ते रंध्रं बुजवण्याची शक्यता मोठी. आणखी एक कारण आहे. आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर मॅलासेझिया नावाची यीस्ट राहते. तिला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, ती बाहेरून मिळणाऱ्यांवर जगते, आणि खोबरेलसारखी बहुतेक वनस्पतिजन्य तेलं तिला पुरवठा करतात. कपाळावर एकसारख्या आकाराच्या, बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील, सोबत केसांत कोंडा असेल, तर कोणतंही वनस्पतिजन्य तेल बंद करून आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हे मुरुम नसतंच आणि मुरुमांच्या उपायांनी ते जात नाही. मी स्वतः डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला चार महिने मुरुमांचं औषध देत राहिले होते, ती रोज रात्री चेहऱ्याला तेल चोळत होती हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन यायला सांगते.

तेलांना रंध्रं बुजवण्याबद्दल ० ते ५ असे गुण देणारे तक्ते तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यावर फार विसंबू नका. त्यांचं मूळ सशांच्या कानांवर केलेल्या चाचण्यांत आहे. सशाच्या कानाची त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर प्रतिक्रिया देते, आणि संपूर्ण क्रीमचं वागणं त्यातल्या एका घटकाच्या गुणांवरून कळत नाही.

तेलांइतकीच काळजी सुगंधाची. सुगंधी अर्क म्हणजे लॅव्हेंडर, लिंबाची साल, पुदिना, टी ट्री वगैरेंची उडनशील तेलं. ती वनस्पतीची सगळ्यात तीव्र रूपं असतात. त्यांतले लिनालूल आणि लिमोनीन हे वासाचे घटक हवेशी संयोग पावले की अ‍ॅलर्जी करणारे पदार्थ तयार होतात. युरोपीय संघाने त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असल्यास लेबलवर छापावेच लागतील अशा २६ सुगंधी घटकांची यादी केली होती, आणि २०२३ मध्ये ती सुमारे ८० पर्यंत वाढवली. त्यातले बरेच घटक निखळ वनस्पतिजन्य आहेत. 'कृत्रिम सुगंध नाही' असं लिहिलेल्या क्रीममध्ये उडनशील तेलं असतील तर संवेदनशील त्वचेला काहीच सूट मिळालेली नसते. तुम्हाला 'सुगंधविरहित' हवं, आणि तसं लिहिलेलं असलं तरी घटकांच्या यादीत ही नावं नाहीत ना, हे पाहायला हवं.

टी ट्री तेल मुरुमांवर काम करतं, हे मी नाकारत नाही. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर झालेल्या चाचणीत ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरुमांवरचं नेहमीचं औषध) दोन्हींनी मुरुमं कमी झाली. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण त्रास कमी झाला. मात्र तिथे ५ टक्के हे मोजलेलं प्रमाण होतं. बाटलीतून अंदाजाने थेंब टाकले की एक रात्र दोन टक्के, दुसऱ्या रात्री पंधरा. आणि बाटली जुनी असेल तर तिच्यातलं तेल हवेने बदललेलं असतं, तेच जास्त खाज आणतं. तुमच्या चुरचुरीत याचा वाटा मला मोठा वाटतो. पुढे कधी वापरायचंच असेल तर तयार ५ टक्क्यांचं जेल, फक्त पुटकुळीवर.

घरी बनवलेल्या गोष्टींबद्दल थोडंसं. ज्यात पाणी आहे त्यात जंतू वाढतात. ताज्या कोरफडीचा गर, फुलांचं पाणी, भिजवलेलं पीठ एका वापरापुरतंच करावं. उरलं तर फ्रिजमध्ये, तेही एक-दोन दिवस. ई जीवनसत्त्वाची गोळी फोडून घातली की टिकेल असं सांगितलं जातं. ते तेलाचं खवटपण लांबवतं, जंतू मारत नाही. 'परिरक्षक (उत्पादन टिकवणारे, जंतू रोखणारे पदार्थ) नाहीत' अशी जाहिरात असलेलं पाण्याचं क्रीम मी स्वतःच्या चेहऱ्याला लावणार नाही. ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गीय फळाच्या बियांच्या अर्काला नैसर्गिक परिरक्षक म्हणून मान होता, पण तपासणीत अशा अनेक नमुन्यांत कृत्रिम परिरक्षकच सापडले. कोरफड कापताना सालीखालून येणारा पिवळा चीक पूर्ण निथळू द्या आणि गर धुऊन घ्या. कोरफड सोसत नाही म्हणणाऱ्या कितीतरी जणांना प्रत्यक्षात तो चीक सोसत नसतो.

लेबल कसं वाचायचं? 'नैसर्गिक' या शब्दाला बहुतेक ठिकाणी कायद्याची काटेकोर व्याख्या नाही. आयएसओ १६१२८ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक घटकांचं मूळ मोजायची पद्धत देतं, पण कोणत्या टक्क्याला नैसर्गिक म्हणायचं हे ठरवत नाही. म्हणून डबीचा पुढचा भाग सोडा, मागची यादी बघा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, एक टक्क्याखालचे कोणत्याही क्रमाने. पहिली पाच-सहा नावं म्हणजे बहुतेक सगळं उत्पादन. पुढे मोठ्या अक्षरांत झळकणारी वनस्पती यादीत परिरक्षकाच्याही खाली असेल, तर ती नावापुरती आहे. नाव मोठं आणि अवघड आहे म्हणून घाबरू नका. टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व, ब्युटायरोस्पर्मम पार्काय म्हणजे शिया, एका आफ्रिकी झाडाच्या बियांचं लोणी.

मूळ कुठलं याने रेणू बदलत नाही, हे अ‍ॅझेलेइक आम्लावरून नीट कळतं. ते गव्हात-बार्लीत असतं, आपल्या त्वचेवरची यीस्टही ते बनवते, आणि डबीतलं मात्र कारखान्यात बनतं. तरी पुटकुळ्या आणि त्यांचे डाग या दोन्हींसाठी, तेही संवेदनशील त्वचेला सोसवेल असं, माझं ते सगळ्यात आवडतं औषध आहे. याच्या उलट उदाहरण बावचीचं. बावचीपासून मिळणारं बाकुचिओल २०१८ च्या एका चाचणीत ४४ जणांवर १२ आठवडे तपासलं गेलं. सुरकुत्या आणि डागांवर ०.५ टक्के रेटिनॉलइतकाच (हे अ जीवनसत्त्वाचं रूप) परिणाम झाला, पापुद्रे आणि चुरचुर कमी. हे वाचून लोक बावचीची पूड किंवा तेलच चेहऱ्याला लावतात. त्या बियांमध्ये सोरॅलेनही असतं, ज्याचा उपयोग आम्ही कोडाच्या उपचारात त्वचा प्रकाशाला जास्त संवेदनशील करण्यासाठी करतो. ते लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते. शुद्ध केलेलं बाकुचिओल वेगळं आणि बावची वेगळी. विलोच्या सालीचा अर्कही असाच: त्यात सॅलिसिन असतं, म्हणून तो सॅलिसिलिक आम्लाचं काम करेल असं धरू नका.

कोरड्या त्वचेला काय, हे सोपं आहे: ग्लिसरीन, शिया, बारीक दळलेलं ओट. ओटला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये त्वचेचा संरक्षक घटक म्हणून मान्यता दिली आणि खाज शमवायला ते खरोखर चांगलं आहे. क्रीम ओल्या चेहऱ्यावर लावा, कारण नुसतं तेल लावून त्वचेतलं पाणी वाढत नाही. तेलकट त्वचेला जेल किंवा पातळ लोशन, ग्रीन टीचा अर्क, नायसिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप). मातीचा लेप फक्त तेलकट भागावर, आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, आणि तो तडकायच्या आत धुवायचा. अक्रोडाच्या सालीचे, बियांच्या कण्यांचे खरखरीत स्क्रब कुणालाच नकोत.

तुमच्यासारख्या मिश्र त्वचेला एकच उत्पादन चेहराभर लावायचा हट्ट सोडावा लागतो. तिसऱ्या आठवड्यापासून गालांवर ओट किंवा सेरामाइडचं क्रीम, कपाळ-नाकावर त्याचाच अगदी पातळ थर किंवा जेल. त्यापुढे दोन आठवड्यांनी गालांना जोजोबा. त्यानंतर पुटकुळ्या उरल्या तर १० टक्के अ‍ॅझेलेइक आम्ल, आधी एका आड एक रात्र. एका वेळी एकच नवी गोष्ट, कारण दोन एकदम आणल्या तर बिघडलं कशाने हे कळायला मार्ग उरत नाही. प्रत्येक नवी गोष्ट आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा. एका रात्रीची चाचणी पुरेशी नाही. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया दोन-तीन दिवसांनी उमटते, आणि पहिल्यांदाच लावलेल्या पदार्थाची ओळख शरीराला व्हायला दहा-बारा दिवसही लागतात. त्वचेचा वरचा थर नव्याने यायला साधारण चार आठवडे जातात, म्हणून मुरुमांवरच्या उपायाला आठ ते बारा आठवडे द्या.

मध मी तुमच्यासाठी बंद ठेवलाय तो फक्त सध्यापुरता. त्याने पाणी धरून राहतं, जंतूही कमी होतात, आणि पुढे कधी आठवड्यातून एकदा लावला तरी चालेल. परागकण किंवा मधमाशीच्या पदार्थांची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र कधीच नाही.

दोन आठवड्यांनीही आग कमी झाली नाही, डोळ्यांभोवती सूज आली, पुटकुळ्या दुखऱ्या आणि खोल झाल्या, किंवा पाळी अनियमित होऊन हनुवटीवरच मुरुमं येत राहिली, तर थांबू नका, प्रत्यक्ष दाखवा. आणि या काळात कुणी 'आयुर्वेदिक' किंवा 'वनौषधींचं' म्हणून घटकांची यादी नसलेलं क्रीम दिलं, आणि त्याने तीन-चार दिवसांत चेहरा नितळ झाला, तर ती डबी घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. अशा क्रीममध्ये लपवलेलं स्टेरॉइड, क्वचित पारा, तपासणीत सापडतो. स्टेरॉइड महिनोन् महिने लावून मग एकदम बंद केलं की चेहरा भयंकर पेटतो. ते कसं आणि किती दिवसांत उतरवायचं हे डॉक्टरांनी ठरवावं लागतं.